मारण्याआधीचा श्वास

४ फेब्रुवारी

ताई,

पत्र लाँड्रीच्या पत्त्यावर पाठवतेय. घरी पाठवलं तर आधी भावजी वाचणार आणि मग तुला वाचून दाखवणार, त्यांच्या त्या मऊ आवाजात. फोनवर तू 'हो', 'नाही', 'बरं' यापलीकडे जात नाहीस, त्यावरून शेजारी कोण बसलंय ते मला कळतं. तुझ्या त्या इस्त्रीवाल्या मैत्रिणीनं पत्र तुझ्याच हातात द्यायचं कबूल केलंय. हॉस्पिटलच्या चादरींच्या ढिगाआड बसून वाच आणि फाडून टाक.

भिंगरी पोचली. बालकल्याण समितीच्या बाईंनी तिला एका पिशवीसकट माझ्या फाटकात आणून सोडलं, माझी सही घेतली आणि कुत्र्यांचा गलका ऐकून पाणीसुद्धा न पिता पळाल्या. निकाल लागेपर्यंत पोरगी माझ्याकडे. शाळेतल्या समुपदेशक बाईंनी तिचा तळहात बघितला आणि पुढचं सगळं त्यातून झालं, असं मला सांगितलं. तुला काय सांगितलं मला ठाऊक नाही. तू त्यांना काय सांगितलंस ते मात्र कागदावर वाचलं. 'खेळताना लागतं तिला.' बरं.

पिशवीत तुझी चिठ्ठी होती. तिला दूध आवडत नाही, झोपताना दिवा लागतो आणि तिच्यासमोर माझ्या नवऱ्याला नावं ठेवू नकोस. सगळं पाळतेय. शेवटचं जड जातंय.

भिंगरी नाव कुणी ठेवलं होतं गं हिचं? मीच ना? पाळण्यात एक मिनिट स्थिर नसायची. आता आठ वर्षांची घोडी झाली, पण खुर्चीवर बसवलं की ऊठ म्हणेपर्यंत उठत नाही. पहिल्याच सकाळी तिच्या हातून कप फुटला. कानतुटका, मीच कधीची टाकायला बघत होते. मी झाडू आणायला वळले, परत येते तो ही माझ्यापुढे उभी. डावा हात पुढे, तळवा वर, नजर भिंतीवर. रडणं नाही, 'चुकून झालं' नाही. मला वाटलं काच लागली की काय, म्हणून हात धरून बघायला गेले, तर तिनं बोटं आणखी ताठ केली. मी विचारलं, 'डावा का गं?'

'उजव्यानं अभ्यास करायचा असतो,' म्हणाली.

ताई, दुकानात चष्म्याच्या काचा मापायची ती लाकडी पट्टी. तीच ना? पोरांच्या नाकावर एवढ्या हळुवारपणे चष्मा बसवतात म्हणून आयाबाया ज्यांचं कौतुक करतात, त्यांचीच ना?

मी मोरीत गेले, नळ पूर्ण सोडला आणि तुझ्या नवऱ्याला येतील तेवढ्या शिव्या दिल्या. नळाच्या आवाजात तिला काही ऐकू गेलं नाही. म्हणजे तुझी अट मोडली नाही.

तुझी धाकटी


१९ फेब्रुवारी

ताई,

उत्तर मिळालं. चार ओळी, त्यातले दोन टोमणे. 'माझ्या मुलीला कुत्र्यांत वाढवू नकोस' आणि 'स्वतःला मूल नाही तिनं मला शिकवू नये.' दुसरा वर्मी लागला, अभिनंदन. पहिल्याचं उत्तर असं की कुत्र्यांत निदान दात आधी दिसतात.

भावजी बदललेत म्हणतेस. शाळेनं पालकांसाठी वर्ग चालू केलाय, सजग पालकत्वाचा. राग कसा ओळखायचा, हात उचलण्याआधी स्वतःला कसं थांबवायचं, हे शिकवतात आणि ते पहिल्या रांगेत बसून टिपणं घेतात, सगळ्यात चांगले प्रश्न तेच विचारतात. विचारणारच. आवाज चढवत नाहीत म्हणून तर तू त्यांना पसंत केलंस. अण्णांचा मार खालच्या जिन्यावरच ऐकू यायचा. चपला आपटत, आईला हाका मारत, ताटं भिरकावत यायचे. तू मला पलंगाखाली ढकलायचीस आणि स्वतः पुढे उभी राहायचीस. तुझी भुवई फुटली तेव्हा पलंगाखालून मला तुझे पाय दिसत होते. एक पाय दुसऱ्यावर घासत होतीस, पण हलली नाहीस. ती बाई कुठं गेली? तिलाच लिहितेय मी ही पत्रं. लाँड्रीत असली तर तिला दे.

आता तुझ्या मुलीचं. कुत्र्यांपासून मी तिला लांबच ठेवणार होते. माझ्याकडे पाळायची कुत्री नसतात, राखणीची असतात. गोदामं, कारखाने, पैसेवाल्यांचे बंगले. त्यांना चावायला शिकवणं हे माझं काम. गादीवाला अजून माझ्याकडेच आहे, काडीसारखा माणूस, हाताला जाड बाही बांधून दिवसभर स्वतःला चावून घेतो आणि संध्याकाळी घरी जाऊन बायकोला घाबरतो. समुपदेशक बाई येऊन गेल्या, त्यांनी स्पष्ट सांगितलं की तो चाव्याचा सराव पोरीला दिसू देऊ नका. मी हसले. म्हटलं, बाई, हिनं याहून वाईट बघितलंय.

ती खिडकीतून बघायची. एक दिवस बाहेर आली. हवालदार, माझा सगळ्यात मोठा कुत्रा, साखळीला होता. त्याला हुकूम देतो ते शब्द कुणी सहज बोलून जाऊ नये म्हणून आम्ही भलतेच ठेवलेत. धरायचं तर 'जिराफ', सोडायचं तर 'कपाट'. नवीन कुत्र्याला आम्ही आधी सोडायला शिकवतो, धरायचं नंतर. गादीवाल्याची बाही त्याच्या तोंडात होती आणि मागून एक बारीक आवाज आला, 'कपाट.'

हवालदारानं सोडलं. तिनं आल्यापासून स्वतःहून उच्चारलेला पहिला शब्द होता तो, ताई. गादीवाला तर रडायलाच लागला, तो हळवा आहे. आणि ती हसली. हिचं हसणं मी विसरलेच होते.

आमच्या धंद्यात एक नियम आहे. राखणीच्या कुत्र्याला एकच आवाज माहीत असावा. दोन धनी असलेला कुत्रा भरवशाचा नाही. मला हे माहीत होतं. तरी दुसऱ्या दिवशी मी तिला पुन्हा त्याच्यासमोर उभं केलं, आणि तिसऱ्या दिवशीही. तिच्या तोंडून आवाज निघत होता, मला तेवढंच दिसत होतं.

धाकटी


२ मार्च

ताई,

हे लिहू की नको, असं चाललं होतं. लिहितेच. तुझी मुलगी आहे.

परवा दुपारी पिल्लांच्या खोलीतून केकाटणं ऐकू आलं. मी धावले. भिंगरी उकिडवी बसली होती. पिल्लानं जमिनीवर घाण केली होती. तिनं त्याचा पुढचा पाय डाव्या हातात धरून सरळ केला होता आणि उजव्या हातातल्या झाडूच्या दांड्यानं त्यावर मारत होती. एक, मग थांबायचं, मग दुसरा. आणि हळू आवाजात सांगत होती, 'हे तुझ्या भल्यासाठी आहे. मला काय आनंद होतो का?'

शब्दसुद्धा त्यांचेच. सूरसुद्धा.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दांडा हिसकावून घेतला. माझा हात वर गेला, हो, गेला, मी काही संत नाही, मी अण्णांचीच मुलगी आहे. हात वर असतानाच समुपदेशक बाईंचं आठवलं. त्यांनी मला बजावलं होतं की तुम्हाला राग येईल, नक्की येईल, तेव्हा आधी स्वतःला सावरा, डोळे मिटा, एक खोल श्वास घ्या. म्हणून मी हात खाली घेतला, डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला. खरंच बरं वाटलं. म्हटलं, जमलं बाई आपल्याला.

डोळे उघडले तर पोरगी समोर नव्हती.

सगळीकडे शोधलं. हवालदाराच्या पिंजऱ्यात, त्याच्या पोटामागे भिंतीला चिकटून बसली होती. फ्रॉक ओला झाला होता. हवालदारानं मला दात दाखवले. मला, जिनं त्याला बाटलीनं दूध पाजलंय! मी बाहेर जमिनीवर बसले आणि म्हटलं, 'अगं, मी मारलं का तुला? नाही ना मारलं?'

'मारणार होतीस,' ती म्हणाली. 'तू श्वास घेतलास.'

मला तरी समजेना. हळूहळू एकेक तुकडा तिच्याकडून निघाला. बाबा आधी चटकन मारायचे. वर्गाला जायला लागल्यापासून आधी खुर्चीत बसतात, डोळे मिटतात, नाकानं लांब श्वास घेतात, सोडतात. मग उठतात. मग मारतात. 'आधी ते दमायचे,' म्हणाली. 'आता नाही दमत.'

बदललेत म्हणालीस ना, ताई? खरंच बदललेत.

समुपदेशक बाईंना फोन करून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, 'हे मला सुचायला हवं होतं.' मला वाटलं, आता काही पुस्तकी सांगतील. तर म्हणाल्या, श्वासाचं राहू द्या, तोंडानं बोला. राग आला की तिच्यासमोर मोठ्यानं सांगा की राग आलाय आणि आता तुम्ही काय करणार आहात. लपवू नका, तिला अंदाज बांधायला लावू नका. माझ्यासारख्या तोंडाळ बाईला याहून सोपा उपाय कुठला? काल मी अंगणात उभी राहून ओरडले, 'मला भयंकर राग आलाय! तू पिल्लाला मारलंस म्हणून आलाय! मी तुला मारणार नाहीये! मी जाऊन पातेली घासणार आहे!' आणि पातेली अशी घासली की एकाचा तळ गेला. ती दारात उभी राहून बघत होती. शेवटी म्हणाली, 'संपला का राग?' मी म्हटलं, 'थोडा उरलाय.' म्हणाली, 'मग कढई पण आहे.'

आज तिनं त्या पिल्लाच्या पायाला तेल लावलं. मी सांगितलं नव्हतं.

धाकटी


१६ मार्च

ताई,

तू तिथंच होतीस, तरी लिहितेय. रिक्षाच्या काचेतून काय दिसलं आणि काय नाही, मला माहीत नाही. तुमच्या तक्रारीत लिहिलंय की मी कुत्रा सोडला. माझ्याही जबाबात तेच आहे. आता खरं काय झालं ते वाच, आणि हे पत्र फाडू नको, जाळ.

समितीनं भेटायला मनाई केली होती, तरी भावजी आले. हातात बिस्किटांचा पुडा, अंगावर इस्त्रीचा शर्ट. फाटकावर एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलंय की हाक मारल्याशिवाय आत येऊ नये. ते कडी काढून आत आले. मी पाइपनं पिंजरे धूत होते. भिंगरी अंगणात हवालदाराचे केस विंचरत होती. तो मोकळा होता. साखळी मीच काढली होती, केस नीट विंचरता यावेत म्हणून.

'चला बाळा, घरी,' ते म्हणाले. किती गोड! मी म्हटलं, 'भावजी, बाहेर व्हा.' त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. 'आई रिक्षात वाट बघतेय,' म्हणाले. ती उठली नाही. कंगवा तसाच धरून बसली. ते म्हणाले, 'मी एकदाच सांगतो, माहितीये ना?' ती नाही उठली. आयुष्यात पहिल्यांदा बापाचं ऐकलं नाही तिनं.

मग त्यांनी डोळे मिटले. छाती भरली.

आणि तिनं म्हटलं, 'जिराफ.' ओरडून नाही. शेजारच्याला पाणी मागावं तसं.

भुंकणारा कुत्रा चावत नाही, ही म्हण काढणाऱ्यानं कुत्रा पाळला नसणार, पण हवालदार खरंच भुंकला नाही. एका उडीत उजवा हात कोपराखाली धरला आणि त्यांना खाली ओढलं. गादीवाल्याच्या बाहीवर जो आवाज येतो तो कापडाचा असतो. हा वेगळा होता. ओल्या फांदीसारखं काहीतरी मोडलं. ते ओरडले, ताई, तोंडभर ओरडले. एवढ्या वर्षांत त्यांचा चढा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. कुत्रा डोकं झटकत होता आणि दर झटक्याला माझ्या नुकत्याच धुतलेल्या फरशीवर रक्त पसरत होतं. बिस्किटं त्यात भिजली. मी 'कपाट! कपाट!' ओरडले, पाइपचं पाणी तोंडावर मारलं, गळपट्टा धरून ओढलं. ओढलं तसं मांस फाटलं. त्यानं माझं ऐकलं नाही. त्याला ज्या आवाजानं सांगितलं होतं, त्याच आवाजाची तो वाट बघत होता.

मी तिच्याकडे बघितलं. ती उभी होती आणि बघत होती. तिला काय करायचं ते माहीत होतं आणि ती ते करत नव्हती. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही, तुला सांगतेय. मी म्हटलं, 'भिंगरी, तो मरेल गं.' तिनं विचार केला. खरंच केला, मी तिचा चेहरा बघत होते. मग म्हणाली, 'कपाट.'

हवालदार सोडून तिच्या पायाशी येऊन बसला.

तू रिक्षातून उतरलीस, धावलीस. मला वाटलं मुलीकडे. तू त्यांच्या हाताला ओढणी गुंडाळलीस. गुंडाळायलाच हवी होती, माणूस रक्ताळून पडलेला. पण एकदा वळून बघायचं होतंस, ताई. ती डावा हात पुढे करून उभी होती. तुझ्यासमोर. मार खायला.

धाकटी


२८ मार्च

ताई,

हवालदार गेला. पालिकेचे लोक पकडून नेऊ म्हणत होते. मी म्हटलं, नको, डॉक्टरला इथं बोलवा, त्याच्या जागेवर. डोकं माझ्या मांडीवर होतं. सुई शांतपणे घेतली. शिकवलेलाच तसा होता.

चूक त्याची नव्हती. पोरीचीही नव्हती. दोन आवाज मी शिकवले, साखळी मी काढली, चाव्याचा सराव दाखवू नका सांगणाऱ्या बाईला मी हसले. समुपदेशक बाई आल्या तेव्हा त्यांनी 'सांगितलं होतं' असं एकदाही म्हटलं नाही. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

भिंगरीला मी थाप मारणार होते. गावाला पाठवला, मोठ्या मळ्यावर मजेत आहे, असलं काहीतरी. तोंडापर्यंत आलं होतं. मग सरळ सांगितलं की तो मेला, सुईनं मारला, मी धरून ठेवला होता. आणि सांगितलं की तुझ्यामुळे नाही, माझ्यामुळे.

तिनं भिंतीवरची साखळी ओढली आणि कडीच्या बाजूनं माझ्या तोंडावर घातली. ओठ फाटला, एक दात हलतोय. दुसरा फटका खांद्यावर. मग डोकं भिंतीवर आपटायला लागली, धाड धाड, मी मागून मिठी मारली तर मनगटाचा लचका तोडला. हवालदाराची चेली, नेम चांगला आहे. तोंडातून रक्त गळत असताना मी बोलत राहिले. 'तुला राग आलाय. माझा आलाय. येऊ दे. मला दुखतंय, म्हणून मी तुझे हात धरून ठेवणार आहे. मी मारणार नाहीये. मी कुठं जाणार नाहीये.' घसा बसेपर्यंत तेच तेच. ती किंचाळत होती, 'मार ना! मार मला! कधी मारणार आहेस?' ताई, त्या पोरीला मार खाऊन मोकळं व्हायचं होतं. वाट बघणं तिला सोसवत नव्हतं.

मी मारलं नाही. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघी त्या भिंतीला टेकून बसलो. शेवटी तिनं माझ्या ओठाला हात लावला आणि मग रडली. आली तेव्हापासून पहिल्यांदा. नाक वाहत, हुंदके देत, लहान मुलं रडतात तशी.

आता मुद्द्याचं. दहा एप्रिलला समिती बसणार. मी कुत्रा सोडला म्हटलं तर मी धोकादायक बाई, पोरगी तुमच्याकडे परत. तिनं सोडला म्हटलं तर तिच्या नावापुढे कायमचं काहीतरी लागेल आणि ती कुठल्या तरी संस्थेत जाईल. मी मीच सोडला म्हणणार, पण तेवढ्यानं ती वाचणार नाही. बाप काय करतो हे कुणीतरी सांगायला हवं. मी बघितलेलं नाही. पोरीनं सांगितलं तर म्हणतील मावशीनं पढवली. उरलीस तू.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार तू खातेस, हे मला कळत नाही असं वाटलं का तुला? फक्त खरं सांग. 'हो, मारतात.' दोनच शब्द. मी पुढचं बघते.

धाकटी


११ एप्रिल

ताई,

हे पत्र इस्त्रीवालीच्या हाती देतेय, पोस्टात नाही. आजच्या आज तुला मिळायला हवं.

काल तू माझ्याकडे बघितलं नाहीस, म्हणून तुला काय काय दिसलं नसेल ते सांगते. अध्यक्ष बाईंनी मला विचारलं, शब्द कुणी म्हटला. मी म्हटलं, मी. तर आपली भिंगरी खुर्चीवरून उतरली आणि म्हणाली, 'मावशी खोटं बोलतेय. मी म्हटलं. मला राग आला होता.' मी कपाळावर हात मारला. पण समुपदेशक बाईंनी डोळे पुसले. नंतर म्हणाल्या, हे वाक्य त्या मुलीच्या तोंडून यावं म्हणून मी वर्षभर वाट बघत होते.

मग तुला विचारलं. तू म्हणालीस, 'ते शांत स्वभावाचे आहेत. घरात मारहाण होत नाही.' मी तुला मनात काय काय म्हटलं ते लिहीत नाही.

मग भावजींना विचारलं, मुलीच्या तळहातावरचे वळ कसले? प्रश्न अवघड होता. त्यांनी प्लास्टरमधला हात मांडीवर नीट ठेवला. डोळे मिटले. नाकानं लांब श्वास घेतला. समितीतले सगळे कौतुकानं बघत होते, किती संयमी माणूस!

आणि त्यांच्या शेजारी बसलेली तू खाली वाकलीस. हनुवटी छातीला, दोन्ही कोपर तोंडापुढे, हात डोक्यावर. एवढ्या माणसांत, दिवसाउजेडी. कुणी हात उगारला नव्हता, कुणी आवाज चढवला नव्हता. खोलीत कुणाला काही कळेना. अध्यक्ष बाई म्हणाल्या, 'काय झालं यांना?' तेव्हा भिंगरी म्हणाली, 'बाबांनी श्वास घेतला ना.'

बाकी सगळं त्यानंतर झालं. समुपदेशक बाईंनी पिंजऱ्यातली गोष्ट सांगितली, अध्यक्ष बाईंनी पेन खाली ठेवलं. पोरगी माझ्याकडे राहणार, संस्थेत जाणार नाही, बापानं भेटायचं नाही. तुझ्या दोन शब्दांची मी भीक मागत होते आणि तू न बोलता सगळं सांगून टाकलंस. त्याची लाज बाळगू नकोस. पलंगापुढे उभी राहायचीस तेवढ्याच जोराचं होतं ते वाकणं. त्यानं तुझी मुलगी वाचली.

तुला विचारलं होतं त्यांनी, दुसरीकडे जायचंय का, सोय करतो. तू म्हणालीस, 'चक्कर आली होती.' आणि त्यांच्यामागून रिक्षात बसलीस. रिक्षात ते डोळे मिटून बसले होते. मी समितीच्या फाटकापर्यंत पळत आले, तुला दिसलं नसेल.

आज सकाळी इस्त्रीवालीचा फोन आला. तू कामावर आलीस, पण डावा हात खांद्याच्या वर जात नाही. चादरी दुसरी बाई उचलून देतेय. जिन्यावरून पडले, असं सांगितलंस म्हणे. तुझं घर तळमजल्यावर आहे, ताई.

आता मी विचारत नाही, सांगतेय. कामाची पाळी सुटली की पुढच्या दारानं जाऊ नको, तिथं ते घ्यायला येतात. मळक्या कपड्यांच्या गाड्या लागतात त्या मागच्या दाराशी ये. गादीवाला टेम्पो घेऊन उभा असेल. तो म्हणाला, भावजी आलेच तर मी पुढे होतो, मला सवय आहे, बाही नसली तरी चालेल. अध्यक्ष बाईंनी एक पोलीस शिपाई बाई बरोबर दिलीय, तीही असेल. घरून काही आणायला जाऊ नको. कपडे माझे घाल, सैल होतील.

तू येणार नाहीस, असं मला अर्धं वाटतंय. म्हणून भिंगरीला घरी थांब म्हटलं होतं. आई नाही आली तर तिनं ते बघू नये. तर चपला घालून आधीच टेम्पोत जाऊन बसलीय. म्हणाली, 'तू एकटी गेलीस तर ती नाही येणार. ती तुझं कधी ऐकते?'

खरं आहे. माझं तू कधीच ऐकलं नाहीस. ती मागच्या सीटवर आहे, दाराकडच्या बाजूला. मध्ये तुझ्यासाठी जागा ठेवलीय आणि कुणाला बसू देत नाही.

धाकटी